रविवारी उपास धरणारी गंगा

"ठाकूर, तुमची पाताळगंगा रविवारी का येत नाही?"

हा प्रश्न खरं तर मौटुसीचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, पापिया आणि शिउलीचा. नववीच्या वर्गात सगळ्यांच्या चुका काढत फिरणारी ही मौटुसी भर दरबारात तोंड उघडून दाखवेल, तर बटाट्याचे दोन गरम आलूचॉप तिचे, अशी पैज शाळेच्या वाटेवर लागली होती. आता तोंड उघडलं होतं आणि दीडदोनशे माना तिच्याकडे वळल्या होत्या. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईची, मिनतीची, मान मात्र खाली गेली.

ठाकूर म्हणजे पाताळठाकूर. चार महिन्यांपूर्वी कोळसाखाणीमागच्या वडाखाली ते प्रगट झाले, म्हणजे बसने आले. रोज दहाच्या सुमाराला ते जमिनीला कान लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "गडगडतंय. गंगाआई निघाली." मग शंख फुंकला की थोड्या वेळात त्रिशूळाखालच्या शेंदरी दगडांतून बदाबदा पाणी फुटे. बायका घागरी भरत, म्हातारे गुडघ्यांना चोळत. खाणीच्या मॅनेजरसाहेबांनीसुद्धा एकदा नारळ पाठवला होता. साहेबांनीच पाठवल्यावर बाकीच्यांनी शंका तरी कशी घ्यायची?

"रविवारी आईचा उपास असतो, पोरी," ठाकूर गोड हसले. "तुमच्या घरी उपासतापास पाळत नाहीत वाटतं?"

हशा पिकला. आलूचॉप मिळाले, पण गोड लागेनात. कारण हशा ओसरल्यावर ठाकुरांनी रोजचं पालुपद लावलं होतं: तुमचा बाउरीपाडा गंगाआईने तळहातावर धरलाय. जो पाडा सोडेल, त्याचा हात आई सोडेल.

खरं दुखणं तिथेच होतं. पाड्यातल्या चाळीस घरांखाली जुन्या कंपनीने कोळसा उपसून नेला होता आणि पोकळी तशीच टाकून दिली होती. मौटुसीच्या घरातल्या भेगेत होळीला बोट जायचं, आता डावाचा दांडा जात होता. ती पोकळी वाळूने भरायचं खाणीने ठरवलं होतं. भरताना वरची जमीन खचू शकते, म्हणून तीन आठवडे सगळ्यांनी शाळेत राहायला जावं, अशी नोटीस लागली होती. घरं रिकामी झाल्याशिवाय पाड्याखाली वाळूचा एक कण सोडायचा नाही, असा नियमच होता. आणि घरं काही रिकामी होत नव्हती. गंगाआई पाडा वर धरून बसली असताना खालून वाळूचा टेकू कशाला?

दुपारी मौटुसी बाबांचा डबा घेऊन वाळूच्या बंकरवर गेली. तिचे बाबा, निताई बाउरी, तिथेच कामाला. दामोदर नदीची वाळू पाण्याच्या फवाऱ्याने ढकलून नळात सोडायची. ती खाली जाते आणि खाणीत इतरत्र कोळसा काढलेल्या जागेत भरते. तिथे बांबूच्या चटयांचा बांध असतो. वाळू अडते, पाणी पाझरून पुढे जातं.

"पुढे म्हणजे कुठे?" मौटुसीने विचारलं.

बाबांनी मुरमुऱ्यांत कांदा कालवला. बराच वेळ कालवला. "हौदात. तिथून पंपाने वर."

"आणि वर कुठे?"

बाबांनी वडाकडे पाहिलं आणि कांद्याकडे परत आले.

"रविवारी बंकर बंद असतो ना, बाबा? तुम्हाला माहीत होतं?"

"खाणीतल्या सगळ्यांनाच माहीत आहे. पण तुझ्या आईला सांगणार कोण? मला रोज घरीच जेवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने विज्ञान शिकवणाऱ्या सुचरिता दिदिमणींना गाठलं. बंकरच्या पाण्यात रंग टाकायचा आणि तो वडाखाली निघतो का पाहायचं, असं ठरलं. पापिया म्हणाली, पायाला लावायचा आलता ओतू या. मौटुसीने तिला वेड्यात काढलं. पाणी लाल आलं तर गंगाआईचं रक्त म्हणून अजून चार गावं लोटतील. दिदिमणींनी कॉलेजातल्या मैत्रिणीकडून एक पुडी आणवली. नळाची गळती शोधायला वापरतात तो रंग, पोटात गेला तरी निरुपद्रवी. "पण एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "रंग दिसल्यावर कुणीही कारण सांगेल. तू आधी सांग."

शुक्रवारी सकाळी बाबांनी पुडी खिशात घातली आणि डबा न घेताच निघाले. मौटुसीने घडी घातलेला कागद आईच्या पदराला, किल्ल्यांशेजारी, गाठ मारून बांधला. पाणी आल्याखेरीज सोडायचा नाही, अशी शपथ घातली. पोरीला उपरती झाली, नवस लिहिला असेल, असं वाटून आई खूश झाली.

दहा वाजता ठाकुरांनी जमिनीला कान लावला.

"ठाकूर," मौटुसी म्हणाली. यावेळी पैज नव्हती. "आज पाणी कोणत्या रंगाचं येणार?"

"गंगा निर्मळच असते, बाळ."

शंख वाजला. दगडांतून पाणी उसळलं, ते पोपटासारखं हिरवंगार. ठाकूर क्षणभर शंख धरायचाच विसरले. पण गडी मुरलेला.

"पाहा, आई हिरवी साडी नेसून आली. पाड्यावर प्रसन्न झाली."

लोकांनी जयजयकार केला. काहीजण रडू लागले.

"आई, गाठ सोड," मौटुसी म्हणाली.

मिनतीने कागद उलगडला आणि अडखळत मोठ्याने वाचला. "आज पाणी हिरवं येईल. सकाळी आठला बंकरवर वाळूच्या पाण्यात हिरवा रंग टाकला जाईल. हे मी गुरुवारी रात्रीच लिहून ठेवतेय. ठाकुरांना गंगाआईचं कळतं, तर हेही कळायला हवं होतं."

तेवढ्यात वाळूने माखलेले बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांनी दोन शेंदरी दगड उचलून बाजूला ठेवले. खाली गंजलेल्या नळाचं तोंड होतं. ते हिरवं पाणी ओकत होतं.

"हा खाणीच्या पंपाचा नळ. पंप सुरू झाला की धडधडतो. कान लावला की कुणालाही ऐकू येईल," बाबा म्हणाले. "वाळू धुतलेलं पाणी आहे हे. वाळू खाली राहिली, पाणी वर आलं."

मिनतीने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि आपल्या घराखाली?"

"आपल्या घराखाली अजून काहीच नाही, मिनती. नुसतं पोकळ."

दुपारपर्यंत ठाकुरांना दूरच्या कुठल्याशा पीठाचं बोलावणं आलं आणि ते बसनेच अंतर्धान पावले. सगळे शहाणे झाले म्हणावं, तर तसंही नाही. पाड्यातल्या दोघी बायकांनी हिरव्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, हिरवं म्हणजे जास्त गुणकारी म्हणून. मॅनेजरसाहेबांनी नारळाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं.

संध्याकाळी मिनती भेगेपाशी बसून होती. डावाचा दांडा आत सारायची, बाहेर काढायची. बाबा दारात उभे होते आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. आधी कोण बोलतं याची वाट पाहण्यात त्यांनी चार महिने काढले होतेच.

मौटुसीने चटई गुंडाळली, उशी काखेत मारली, दप्तर पाठीला लावलं.

"आई, बाबा, मी शाळेत राहायला चालले. आत्ता. तुमच्यावर रागावून नाही, आणि गंगाआई हात सोडेल म्हणून भिऊनही नाही. आपल्याखाली काय आहे ते आता मला माहीत आहे, आणि माहीत असताना त्याच्यावर झोपणं मला जमायचं नाही. खाली वाळू भरली की परत येईन. पण आपण इथे बसलोय तोवर ती भरणार नाही. म्हणून तुमच्याही चटया मी गुंडाळून दाराशी ठेवल्यात."