अध्यक्षांची नोंद

तिने अध्यक्षांचं आडनाव एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, पुढे स्वल्पविराम दिला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. खालच्या ओळी बारीक अक्षरात बसवायच्या होत्या.

"कितवी चिठ्ठी?" धाकट्या बहिणीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"चारशे बारावी."

"मग एवढी खुललीस का? सूची करताना तुझा चेहरा नेहमी एरंडेल प्यायल्यासारखा असतो."

खुलली होती खरी. तेहेतीस वर्षं डूख धरून बसलेल्या बाईने एक दिवस खुलायला हरकत नव्हती.

पुस्तक होतं व्यापारी संस्थांमधल्या ग्रंथपालांच्या मंडळाचा इतिहास. दोनशे बारा पानं, लेखक स्वतः माजी अध्यक्ष. कोणतं नाव कोणत्या पानावर ते दाखवणाऱ्या शेवटच्या सूचीचं काम मंडळाच्या नव्या चिटणीसबाईंनी तिला दिलं, कारण इतकी नेटकी सूची करणारं दुसरं कोणी त्यांना ठाऊक नव्हतं. जुन्या भानगडीही ठाऊक नव्हत्या, हे तिचं नशीब.

पान अकरावर लिहिलं होतं, 'काही ग्रंथपाल एकत्र आले.' काही म्हणे. सातजण होते, आणि त्यांना तिने बोलावलं होतं. ती ग्रंथपाल होती त्या विमा कंपनीच्या कँटीनमध्ये, दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. बँक, विमा, जहाज, औषधं, कापड. सगळ्यांचे मालक एकमेकांना पाण्यात पाहणारे आणि प्रत्येकाच्या कपाटात निम्मेच अहवाल. कोणाकडे कोणत्या वर्षाचं काय आहे, याची एकत्र यादी तिने स्टेन्सिलवर टाइप केली होती. नियम एकच ठेवला होता: मागेल त्याला द्यायचं, आणि कोणी मागितलं ते कोणालाही सांगायचं नाही.

बँकेच्या ग्रंथपालाने तिच्याकडे विमा कंपनीचा एक अहवाल मागितला आणि तिने दिला. पुढे त्यातले आकडे बँकेच्या बैठकीत कोणीतरी वाचून दाखवले, बोभाटा झाला. तेव्हा त्या ग्रंथपालाने तिच्या मॅनेजरला पत्र लिहिलं की बाईंनी तो अहवाल न मागता आपणहून आणून दिला. मॅनेजरने तिला समोर उभं करून विचारलं. मागणाऱ्याचं नाव तिने सांगितलं नाही. नियम तिचाच होता. तिची नोकरी गेली. तो ग्रंथपाल पुढे अठरा वर्षं मंडळाचा अध्यक्ष राहिला.

इतिहासात हे सगळं होतं, फक्त धुऊन-पुसून. पान सत्तेचाळीस: 'एका सभासदाने एका सहकाऱ्याकडे अहवाल मागितला.' पान अठ्ठेचाळीस: 'यासंबंधी काही पत्रव्यवहार झाला.' पान एकावन्न: 'एका भगिनीने व्यक्तिगत कारणास्तव मंडळ सोडले.' नाव कुठेच नाही.

पण मजकुरातला 'एक' म्हणजे कोण, हे शोधून त्याच्या नावापुढे पान लावणं हेच तर सूची करणाऱ्याचं काम. तिने ते डोळ्यांत तेल घालून केलं. अध्यक्षांच्या नावाखाली तीन ओळी आल्या:

अहवाल मागितला, ४७
खोटं पत्र लिहिलं, ४८
गप्प राहिले, ४९–२१२

स्वतःच्या नावाखाली तिने एकच ओळ लिहिली: मंडळ स्थापन केलं, ११.

सूची मंडळाकडे गेली आणि आठव्या दिवशी दुपारी अध्यक्ष दारात उभे राहिले. हातात काठी, काखेत टाइप केलेले कागद. माणूस निम्मा झाला होता. तिला त्यांची जराही कीव आली नाही. ते गयावया करतील, नाहीतर आवाज चढवतील, असं धरून दोन्हींची उत्तरं तिने आठवडाभर भांडी घासताना म्हणून ठेवली होती.

"सूचीत फेरफार करता येणार नाही," ते बसायच्या आतच ती म्हणाली. "लेखकाने फक्त पानांचे आकडे तपासायचे."

"ठाऊक आहे. त्यासाठीच आलो. एक आकडा राहिलाय."

हे मात्र तिला झोंबलं. इतक्या वर्षांत तिच्या सूचीतलं एक पान कधी सुटलं नव्हतं.

"माझ्या हातून राहणार नाही."

"खोटं पत्र, अठ्ठेचाळीस," ते खाली बघत म्हणाले. "त्यापुढे त्रेसष्ट हवं."

तिने पान उघडलं. त्यात काही नव्हतं, एक कंटाळवाणं वाक्य होतं: 'ग्रंथपालाची जागा भरताना संस्था मंडळाच्या अध्यक्षांचे मत मागवू लागल्या.' तिने ते पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

नोकरी गेल्यावर तिने अर्जांचा सपाटा लावला होता. मुलाखती चांगल्या व्हायच्या, आणि आठवड्याभरात वाटाण्याच्या अक्षता. आपलं वय झालं, आपल्याला नीट बोलता येत नाही, आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं ती तेव्हा बहिणीला सांगत बसायची. मग सांगायचंही सोडलं आणि घरी बसून लोकांच्या पुस्तकांच्या सूच्या करू लागली.

"किती ठिकाणी लिहिलंत?" तिने विचारलं.

"नऊ."

दारात उभ्या बहिणीने तिच्याकडे पाहिलं. अर्ज नऊच होते.

"तुम्ही कुठे नोकरीला लागला असतात, तर कधीतरी खरं बाहेर आलं असतं," अध्यक्ष म्हणाले. "मनावर फार ओझं होतं. तेवढा आकडा घाला, म्हणजे मी सुटलो."

तेहेतीस वर्षं तिने राग धरला तो एका पत्राचा. उरलेल्या नऊ पत्रांचा राग ती स्वतःवरच काढत आली होती. आणि हा माणूस एक आकडा लिहून घेऊन हलका व्हायला आला होता.

ते काठीकडे वळले.

"बसा," ती म्हणाली.

तिने नऊ कोऱ्या चिठ्ठ्या मोजून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"त्रेसष्ट पानावर पत्रांचा उल्लेख नाही. मजकुरात नाही त्याची नोंद मी करत नाही. आधी मजकूर लिहून द्या. संस्था, साल, आणि माझ्याबद्दल काय लिहिलंत ते. एका चिठ्ठीवर एक. पुस्तकात टीप म्हणून जाईल."

"माझा हात थरथरतो हल्ली."

"दुपार मोकळी आहे माझी."

त्यांनी लिहिलं. जहाज कंपनीचं नाव, साल, आणि खाली एक वाक्य. तिने चिठ्ठी घेऊन ते वाक्य वाचलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता चिठ्ठी बहिणीकडे दिली. बहिणीनेही वाचलं. मग खुर्चीला टेकवलेली त्यांची काठी उचलून बहीण आत घेऊन गेली.

अध्यक्षांनी काठीसाठी हात मागे नेला, चाचपडून पाहिलं आणि पुन्हा पुढे आणला.

"दुसरी," ती म्हणाली.