दांडा हलका झाला तेव्हा

मित्रांनो, मी एका अंगावर कललेला जुना ट्रेलर आहे. नळदुर्गजवळ, रेवणप्पांच्या वेल्डिंगच्या शेडमागे पडून आहे. त्यांनीच मला घडवलं. खाली दोन चाकं, वर पत्र्याची खोली, पुढे जीपला जोडायचा लोखंडी दांडा. खोलीत मागच्या दाराशी निजायचा बाक होता आणि चाकांच्या थोडं पुढे कापूस पिंजायचं जड यंत्र.

आयुब, त्याची बायको शाहिस्ता आणि आई शरिफाबी गावोगाव जाऊन लोकांच्या गाद्या नव्यानं भरून देत. मी त्यांचं दुकान होतो आणि घरही.

मला ताब्यात देताना रेवणप्पांनी बजावलं होतं, "आयुबभाई, माल भरला की दांडा उचलून बघायचा. एकट्याला उचलंना तरच निघायचं. सहज उचलला, तर पुढं वजन कमी पडलं म्हणून समजा. मग ह्यो रस्त्यावर शेपूट हलवंल."

"कुत्र्यासारखं?" शाहिस्ता हसली.

"कुत्रं लाडानं हलवतंय, वहिनी. ह्यो जीपला हलवंल."

सहा वर्षं मी जीपमागे सरळ रेषेत चाललो. तेर गावात लोक थांबून बघायचे. "घर बघा, कसं डुलतसुद्धा न्हाय!" मला फार बरं वाटे.

मग शरिफाबींना खोकला जडला. यंत्रातून उडालेली रुई मागे त्यांच्या बाकावर बसे. आयुबनं एका सकाळी यंत्राचे बोल्ट काढले, ते मागच्या दाराशी बसवलं आणि बाक पुढे खिडकीपाशी आणला.

"अम्मी, आता रुई दारातनं बाहेर जाईल. तुम्ही इथं हवेशीर निजा."

"माझ्यापायी एवढा खटाटोप कशाला रे?"

"यंत्राला काय, कुठंही ठेवलं तरी पिंजतंय."

मग त्यानं माझा दांडा धरला आणि एका हातानं उचलला. "शाहिस्ता, बघ! लई हलका झाला."

"रेवणप्पा काय म्हणले होते?"

"ते नव्या गाडीचं. आता गाडी मुरली."

त्याच दुपारी महामार्गाच्या उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला. त्याच्या हवेचा धक्का मला नवा नव्हता. पण आता सगळं वजन मागे होतं. माझी मागची बाजू एकदा डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. आयुबनं घाबरून ब्रेक दाबला. जीप मंदावली, मी मंदावलो नाही. मी तिला मागून तिरकं ढकललं, दांडा निसटला आणि मी आडवा झालो. जीपमधली तिघं वाचली. यंत्र दार फोडून बाहेर पडलं आणि त्याचे तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी मला ओढून इथं आणलं. रेवणप्पांनी आत वाकून पाहिलं. बोल्टांची नवी भोकं मागच्या दाराशी होती. ते वळले, तेवढ्यात शरिफाबींनी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. माझ्या खोकल्यापायी झालं न्हवं हे?"

रेवणप्पा त्या भोकांच्या आड उभे राहिले. "न्हाय चाची. ट्रकवालाच आडदांड."

शाहिस्तानं मान खाली घातली. परत जाताना तिनं नवऱ्याला हळूच काही सांगून पाहिलं. त्याचं उत्तर मला इथवर ऐकू आलं. "अगं, ज्यानं गाडी बनवली तोच सांगतोय, ट्रकचा दोष!"

माझा सांगाडा सरळ होणार नाही. पुढच्या आठवड्यात तो कापून एका फाटकाला वापरतील. नवं यंत्र आयुबला झेपणारं नाही. तो आता दुसऱ्यांचे ट्रेलर ओढतो. परवा इथूनच गेला. त्याच्या मागच्या ट्रेलरवर सिमेंटची पोती होती, उतरवायला सोपी पडावीत म्हणून सगळी मागच्या टोकाला रचलेली.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेकवर पाय मारू नये, फक्त ॲक्सिलरेटर सोडावा आणि स्टेअरिंग सरळ धरावं, हेही त्याला कोणी सांगितलेलं नाही. निळी जीप आहे, पुढची काच डावीकडे तडकलेली. तुम्हाला ती कुठल्या चहाच्या टपरीशी उभी दिसली, तर त्याला पोती पुढे घ्यायला सांगा. तो हसेल. तरी सांगा.