तेवीस नंबरच्या दांड्यावरचे दोघे भाऊ

माझा नंबर तेवीस. मी लाकडाचा एक जुना दांडा आहे आणि सध्या तारनेल गावाच्या शेडमध्ये एका खिळ्याला टांगलेला आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर कुणाचे तरी मोडके अवजार समजाल. तसे समजू नका. बावन्न हिवाळे मी माणसांना डोंगरावर ओढून नेले आहे.

इंग्रजी टी अक्षर उलटे धरा, म्हणजे माझा आकार कळेल. उतारावर खांबांवरून एक पोलादी तार फिरे आणि तिला दोरीने माझ्यासारखे चाळीस दांडे लटकत. हीच आमची लिफ्ट. एका दांड्यावर दोन माणसे. त्यांच्या स्की, म्हणजे उतारावरून घसरत खाली यायला पायांना बांधलेल्या लांब पट्ट्या, बर्फावर टेकलेल्या आणि माझी एकेक बाजू एकेकाच्या मांड्यांमागे. माझ्यावर बसायचे नसते, नुसते टेकायचे असते. शहरातून आलेल्या आईबापांना हे पटत नसे. ते निवांत बसायला जात आणि पोरांच्या देखत आपटत. खाली उभी राहून दांडा हाती देणारी मेंजिया म्हणे, "साहेब, ही खुर्ची नाही. बसलात तर बर्फातच बसाल." पोरे खिदळत आणि बाप अंग झटकत पुन्हा रांगेत जाई.

पलीकडच्या खोऱ्यात मोठ्या लिफ्ट होत्या, हॉटेले होती. आमच्याकडे एकच उतार, तोही लेकुरवाळ्यांचा. चार वर्षांचे मूल इथे सकाळी रडत येई आणि दुपारी जवाचे सूप पिऊन आपणहून रांगेत उभे राही.

आमच्या लिफ्टवर दोन रीती होत्या. कुठे लिहिलेल्या नव्हत्या, पण कुणी मोडत नसे. एक अशी, की एकट्याने जायचे नाही. रांगेत तुमच्यापुढे जो उभा, तो तुमचा जोडीदार. दुसरी वर पोचल्यावरची. दोघांपैकी मोठ्याने "जा" म्हणायचे, मग धाकट्याने बाजूला सरकायचे आणि मोठ्याने मला धरून हलकेच सोडून द्यायचे. धाकटा न सांगता उतरला तर दांडा तिरका होतो आणि मोठा पडतो. तारनेलची मुले चालायला लागली की हे शिकतात.

मेंजियाला दोन भाऊ. थोरला लिनार्द ताडासारखा उंच आणि धाकटा कुर्दीन तिच्या खांद्याएवढा. उताराखालचे कुरण लिनार्दचे, वरचे कुर्दीनचे. बर्फ वर्षागणिक कमी पडू लागला, तेव्हा यंत्राने बर्फ पाडायचे ठरले. त्यासाठी वरच्या कुरणात पाण्याचे तळे खोदायचे होते आणि खालच्या कुरणातून नळ न्यायचा होता. गावच्या सभेत लिनार्द उठून म्हणाला, आम्ही दोघे भाऊ जमीन देतो. चांगल्या मनाने म्हणाला. फक्त कुर्दीनला विचारायचे राहून गेले होते. कुर्दीन मागच्याच बाकावर बसला होता. त्याने टोपी घातली आणि तो घरी गेला.

त्यानंतर सहा हिवाळे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. रांगेत माणसे मोजून उभे राहात, म्हणजे एका दांड्यावर यायला नको.

शेवटी लिफ्ट चालवणाऱ्या मंडळाने कळवले, की मार्च संपेपर्यंत जमिनीच्या कागदावर दोघांच्या सह्या आल्या नाहीत तर लिफ्ट बंद. मेंजियाला लिफ्ट हवी होतीच. त्याहून जास्त तिला भाऊ हवे होते, दोघेही, एका टेबलाशी.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी मुलांची शर्यत होती. लिनार्द झेंडे घेऊन वर निघाला होता, कुर्दीन दोरखंडाची गुंडाळी घेऊन. दोघांच्या मध्ये एक लहान मुलगी होती. मेंजियाने तिला उचलून लिनार्दच्या पुढे उभ्या असलेल्या बाईबरोबर पाठवले आणि मला खाली ओढले.

"पुढचे दोघं," ती म्हणाली.

रांगेत सगळे गाव होते. मागे हटणे दोघांनाही जमले नाही. ते माझ्यावर टेकले.

वर जायला सात मिनिटे लागतात. उंच माणसाबरोबर बुटका असला की मी उंच माणसाच्या मांड्यांना पेलतो आणि बुटक्याच्या पाठीत रुततो. ते टाळायचे तर उंच माणसाने गुडघे वाकवावे लागतात. लिनार्दने ते वाकवले, पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत. त्याचे पाय थरथरत होते, ते मला कळत होते. कुर्दीनलाही कळत असणार.

वरची जागा आली. लिनार्द "जा" म्हणाला नाही आणि कुर्दीन उतरला नाही. मी दोघांना घेऊन उतरण्याच्या जागेपलीकडे गेलो. तिथे, कुणी पुढे गेलेच तर लिफ्ट आपोआप थांबावी म्हणून, आडवी काठी होती. ती मोडली आणि सबंध लिफ्ट जागच्या जागी थांबली. खाली उतारावर मुले एकमेकांवर घसरली. कुणाला लागले नाही, पण रडारड झाली. दोघे भाऊ बर्फातून उठले आणि दोन बाजूंनी खाली गेले. मी मधोमध तडकलो होतो.

मेंजियाने मला उतरवून शेडमध्ये आणले. दुसऱ्या सकाळी कुर्दीन आला. तिने कागद त्याच्यापुढे ठेवला.

"सबंध वाट तो गुडघे वाकवून होता, ताई," तो म्हणाला. "वाटलं, आता बोलेल."

"मग तू बोलायचंस."

"धाकट्यानं आधी नसतं बोलायचं. त्याला आधी सही करू दे."

दुपारी लिनार्द आला, लंगडत.

"दादा, एकच शब्द तर म्हणायचा होता," मेंजिया म्हणाली.

"माझे गुडघे किती दुखतात, तुला ठाऊक आहे. तरी वाकवले ना? आणखी काय बोलायचं होतं मी? आता पहिली सही त्याची."

मार्च संपला. कागद कोराच राहिला. उन्हाळ्यात खांब उपटून नेले, तार गुंडाळून नेली. मी तडकलेला, म्हणून मला कुणी नेले नाही.

लिनार्द ऑक्टोबरात गेला. सरपण फोडता फोडता खाली बसला, तो उठला नाही. दफनानंतर चौथ्या दिवशी कुर्दीन शेडमध्ये आला. त्याने तो कागद मागितला आणि पेनही. आता त्याचा काय उपयोग, असे मेंजियाने विचारले नाही. तिने जागा दाखवली. त्याने आपल्या ओळीवर सही केली. वरची ओळ भावाची होती. तिच्यावर त्याने बोट ठेवले.

"मी तळ्याला तयारच होतो गं," तो म्हणाला. "त्यानं मला नुसतं विचारायचं होतं."

"हे मला सांगून मी काय करू, कुर्दीन?"

तो टोपी घ्यायची विसरून बाहेर गेला.

मित्रांनो, मेंजिया अजून वर्षातून एकदा येते आणि मला जवसाचे तेल लावते. पाव तास लागतो. जुन्या वस्तूंची निगा राखा, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायची रीत आहे. पण लाकडाला तेल कुणीही लावू शकते आणि उशिरा लावले तरी चालते. तुमच्या घरात दोन माणसे बोलत नसतील, तर आपोआप निवळेल म्हणून स्वस्थ बसू नका. आणि त्या दोघांपैकी एक तुम्हीच असाल, तर वय मोजू नका. आज संध्याकाळी जेवायला बसण्याआधी तुम्हीच बोला.