दहापैकी किती

"मास्टरबाई, आज दहापैकी किती?"

मणक्यांचा डॉक्टर दर वेळी आधी हेच विचारायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. पहिल्या दिवशी मी आठ सांगितलं, आणि ते खरं होतं. त्यानंतर चार वेळा मी त्या माणसाशी खोटंच बोलले.

मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर. सव्वीस वर्षं टेबलावर मान घालून कापड कापलं. चाळीस-चाळीस थरांची चळत, वर खडूच्या रेघा आणि उजव्या हातात कात्री, नाहीतर मशीन. मान गेली ती त्यातच. शेवटची नऊ वर्षं दुखण्याच्या गोळ्यांवर काढली, चहाबरोबर बिस्कीट खावं तशा खाल्ल्या. मग मूत्रपिंडांनी हात वर केले. मूत्रपिंडांच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मला असं झापलं, की मी शाळेतल्या पोरीसारखी खाली बघत बसले. खाली बघून बघून तर ही वेळ आली होती! "यापुढे एकसुद्धा गोळी नाही," त्या म्हणाल्या. लेकीने त्याच दिवशी घरातली सगळी पाकिटं गोळा करून नेली. मानेच्या ऑपरेशनवाल्यानेही मूत्रपिंडांचं नाव ऐकताच नकार दिला.

मग बिनगोळ्यांचे उपाय सुरू झाले. गरम पाण्याची पिशवी झाली, बर्फ झाला. शेजारणीने लोहचुंबकाचा पट्टा दिला, त्याला कपाटाची किल्ली तेवढी चिकटली. सुया टोचून घेतल्या. एका बाईंनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी दिलं, पण माझं लक्ष मान कधीच सोडायची नाही.

शेवटचा उपाय हा डॉक्टर. औषध नाही, सुई नाही, नुसते हात. पण त्याची बोटं मानेवरून अशी फिरायची, जशी माझी कापडावरून फिरतात. कुठे ताण आहे, कुठे वीण बसली आहे, ते त्याला न सांगता कळायचं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मी स्पष्ट बोलतो. आठवड्यातून एकदा, अशा सहा वेळा या. तेवढ्यात फरक पडला नाही, तर तुमचा वेळ खाणार नाही. माझ्याने होत नाही, असं तोंडावर सांगेन."

त्याला वाटलं, आपण किती प्रामाणिक! माझ्या मनात मात्र दुसराच हिशोब सुरू झाला. याच्यानंतर कोणीच उरलं नव्हतं. यानेही हात झटकले, तर मी काय करायचं?

म्हणून दुसऱ्या वेळी मी सरळ पाच सांगितलं. खरं म्हणजे त्या आठवड्यात एक गोष्ट झाली होती. स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघताना माझी नुसती मान वळली होती. एरवी कपाट सरकवावं तसं सगळं अंग वळवावं लागायचं. पण एवढ्याशा गोष्टीवर हा मला ठेवून घेईल का? मला ते सांगण्यासारखंही वाटलं नाही.

पाच ऐकून तो खुलला. "वा! मग आता एक पायरी वर चढू." त्याने जोर वाढवला, रबराच्या पट्ट्याचे व्यायाम दिले. तिसऱ्या वेळी मी चार सांगितलं, चौथ्या वेळी तीन. दर वेळी तो एक पायरी चढवायचा आणि मी दात आवळून पडून राहायचे.

"हाताला मुंग्या वगैरे?"

"छे!"

मुंग्या कसल्या, दोन बोटं बधिर झाली होती. पाचव्या वेळी मी दोन म्हणाले, तेव्हा त्याने बाहेर बसलेल्या एका आजोबांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "या मास्टरबाई बघा. आठावरून दोनावर आल्या." आजोबांनी माझ्याकडे इतक्या आशेने बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी लेकीलाही मी तोच आकडा सांगत होते. तिने तर कारखान्यात कळवूनही टाकलं, की आई सोमवारपासून येते.

सहाव्या वेळी जायच्या दिवशी सकाळी मी कात्री हातात धरून बघितली. ती निसटून पायाशी पडली. लेक मला घेऊन दवाखान्यात आली आणि बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टर हसतच म्हणाला, "आज शेवटची वेळ. आता तुम्हाला माझी गरज नाही. हं, दहापैकी किती?"

नापास झाले तरी बाहेर, पास झाले तरी बाहेर. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही? 'एक' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं आणि मी रडायला लागले.

"नऊ," मी म्हणाले. "मी खोटं बोलत होते. मला सोडू नका."

त्याने आपली दोन बोटं माझ्या हातात दिली आणि दाबायला सांगितलं. मला दाबता आली नाहीत. तो माझ्या फाइलची पानं उलटत मागे गेला.

"मी आकडे बघून जोर वाढवत गेलो, मास्टरबाई. मला हे आधीच तपासायला हवं होतं." तो म्हणाला. "आज मी हात लावणार नाही. आधी नसांची तपासणी करून घ्या, आजच. मी चिठ्ठी देतो."

"आणि मग?"

"मग बघू. आता काही सांगता येत नाही." तो एका पानावर थांबला. "दुसऱ्या वेळी पाच सांगितलंत. खरं किती होतं?"

मी घड्याळाचं सांगितलं. "सात असेल."

"सात पुरे होतं मला," तो म्हणाला. "एक आकडा उतरला असता, तरी मी तुम्हाला वर्षभर सोडलं नसतं."

चिठ्ठी घेऊन मी बाहेर आले. लेक लगबगीने उठली. "आज एक ना, आई?"

मी तिचा हात धरायला गेले. उजव्याची पकड बसेना, म्हणून डाव्याने धरला.

"नऊ," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे? पहिल्यापासून कमी झालंच नाही?"

"झालं होतं," मी म्हणाले. "एकदा सात झालं होतं गं. मी तेव्हा कोणाला सांगितलंच नाही."