पेवातली हवा उपसणारी घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, टोचरी आणि फटकळ. सनगरानं मला विणून चिंचोक्याची खळ दिली, गोड बोलणं काही दिलं नाही.

माझा जन्म आष्टीकडचा, निजामाच्या अमलातला. शहादेव धनगराच्या मेंढरांची लोकर, त्याच्या आईनं कातलेलं सूत. रानात मी त्याच्या खांद्यावर असे, पण माझं खरं काम गावच्या बैठकीत. बैठक अडली, तेच तेच ओरडणं सुरू झालं, की कुणीतरी मला डोक्यावरून ओढून सोंग घ्यायचं. नदी व्हायचं, बांध व्हायचं, बैल व्हायचं. घोंगडीखालून जे निघेल ते ऐकायचं, राग धरायचा नाही, अशी रीत होती. एकदा एकजण पाटलाचा बैल झाला आणि पाटलालाच चारा मागून गेला! गाव पोट धरून हसलं. हसल्यावर माणसाचं डोकं मोकळं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका साली पिकलंच नाही. गावाची सगळी भिस्त पेवातल्या ज्वारीवर. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. झाकण काढून ठेवलं, तरी आत सोडलेला कंदील तळाशी विझायचा. कंदील विझतो तिथं माणूसही विझतो. वरून आभाळ भरून आलेलं. पेवात पाणी शिरलं की गावाच्या तोंडचा घास गेला.

उतरायची पाळी बिभीषणची, कारण तो काटकुळा. सुंदरराव पाटील म्हणाले, "उतर बे. दम धरायचा अन् पटापट टोपली भरायची."

त्याची बायको केसरबाई पेवाच्या तोंडाशीच जाऊन बसली. "आमचं माणूस उतरायचं न्हाई. लई घाई असंल तर पाटलांनी उतरावं."

"माझं पोट मावंल का तिथं?"

"पोट वर ठिवा, बाकीचे उतरा!"

मग नुसता कालवा. मला संताप आला. वर बसून दुसऱ्याला खाली उतरवायला काय जातं?

तेवढ्यात शहादेवनं मला डोक्यावर ओढलं.

"शाहद्या, ही सोंगं काढायची येळ हाय का?" पाटील गरजले.

"मी शहादेव न्हाई, मी पेव हाय," तो आतून घुमला. "कावून वराडता? माझं पोट दुखायलंय."

ज्याचा जीव टांगणीला होता तो बिभीषणच पुढं झाला. "कुठं दुखतंय, पेवबा?"

"गळ्यात बरं हाय. तळाला लई जड वाटतंय."

"मग ढेकर दे की!"

"येत न्हाई ना बे! खाली बसलंय, वर सरकंना."

माणसं हसली. केसरबाई हसली नाही. "खरंच की! कंदील गळ्याशी जळतो, तळाला इझतो. ती हवा पाण्यावानी खाली बसलीय. मग पाण्यावानीच उपसा की, मोट लावून!"

"हवेला मोट कशाची?" असं म्हणत बिभीषण माझ्याकडंच बघायला लागला.

झालं! माझ्या चारी कोपऱ्यांना दोर बांधले. मिटून तळाशी सोडायचं, ओढताना मी फुगायची, बाहेर आणून मला झटकायचं. दोराला सगळं गाव लागलं, पाटीलसुद्धा. काठाच्या दगडांनी माझी लोकर सोलवटली. कंदील सोडला, विझला. पुन्हा उपसलं, पुन्हा विझला. "वढा बे!" शहादेव ओरडत होता. शेवटी तळाशी ज्योत ठरली.

बिभीषण कमरेला दोर बांधून उतरला. ते टोक केसरबाईनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. ज्वारीच्या टोपल्या वर आल्या, आणि सर आली तेव्हा डोक्याला भुसा माखलेला बिभीषणही वर आला.

"ध्यान बघा कसं दिसतंय!" म्हणत तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

आता शहादेव नाही. बैठकीला सतरंज्या आल्या. तिथं कुणी सोंग घेतलं, तर शहाणी माणसं त्याला पोरकट म्हणून गप्प बसवतात. मी गोठ्यात पडून आहे, मला लोकर खाणारी कसर लागलीय.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, लोकरीला तेवढं पुरतं. पण अडल्या वेळी कुणी येड्यासारखं बोलू लागला, तर त्याचं तोंड दाबू नका. त्या दिवशी गावानं शहादेवचं तोंड दाबलं असतं, तर बिभीषणला तसंच खाली उतरवलं असतं; केसरबाईनं दोर ओढलाच असता, पण वर आलेला माणूस बोलला नसता.