कोरडी खोली

गिटार परत आली तेव्हा मी स्वरदाला नाचणीची पेज भरवत होते. देवेशने केस दिवाणावर ठेवली आणि ती न उघडता बाथरूममध्ये जाऊन हात धूत बसला. माझा नवरा अवघड काहीतरी सांगायचं असलं की हात धुतो.

"सम्यकने पाठवलीय," तो आतूनच म्हणाला. "तबली गेलीय."

गिटारच्या वरच्या फळीला आमच्याकडे तबली म्हणतात. माझे सासरे, अण्णा, तरुणपणी मिरजेला तंबोरेवाल्यांकडे कामाला होते, तिथून त्यांनी हा शब्द आणला. नंतर गोरेगावच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या मोडक्या गिटारी दुरुस्त करता करता त्यांनी मरोळला गाळा घेतला आणि शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीच्या गिटारी स्वतःच बनवू लागले. पातळ लाकूड आणि गरम सरस. प्लास्टिक औषधालाही नाही. अशी गिटार इतकी हलकी असते की पहिल्यांदा उचलणारा माणूस दचकतोच. आवाज कोरडा, बोट लागताच उठणारा. जाड तार छेडली की कुणी रिकाम्या माठात तोंड घालून हाक मारल्यासारखं वाटतं.

मी त्या गाळ्यात शिकायला आले होते. सून नंतर झाले.

तबली घासायची, टिचकी मारून ऐकायची, पुन्हा थोडी घासायची. आतल्या बाजूला चिकटवलेल्या कामट्या पटाशीने कणाकणाने उतरवायच्या, पुन्हा ऐकायचं. फळी आधी टेबलासारखी ठक वाजते. मग एका क्षणी तिच्यात श्वास येतो. तिथे थांबायचं. एक रंधा जास्त झाला की संपलं.

हा क्षण अण्णांना आता ऐकू येत नाही. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात गेली, कान गेले. गाळ्यात हे कुणी बोलत नाही. अण्णा टिचकी मारतात आणि तबलीकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघतात. माझ्या कपाळाची आठी गेली की "झाली" म्हणतात. गिऱ्हाईक समोर असलं तर मान जरा जास्तच डोलावतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट लाडच वाटायचा. आम्हा दोघांचं गुपित होतं ते.

सम्यक आमचं गिऱ्हाईक, स्टुडिओत वाजवणारा. त्याची तबली मी सातव्या महिन्यात केली. पोट बाकाला लागायचं, म्हणून तिरकी बसायचे. टिचकी मारली की आतून स्वरदा लाथ मारायची. एकदा मी मुद्दाम दोनदा वाजवलं, तर तिनेही दोनदा. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पोर आमच्या धंद्यातला दिसता!" लाकूड माझ्या हाताखाली जागं होत होतं आणि पोटात ती. तसे दिवस पुन्हा यायचे नाहीत.

गाळ्यात एक नियम आहे: ज्याने तबली जमवली, त्यानेच पेटी बंद करायची. म्हणजे तबली खालच्या पेटीवर सरसाने कायमची बसवायची. आणि हे काम फक्त कोरड्या खोलीत. गाळ्याच्या मागे प्लायवूड लावून केलेली ती खोली, तिथे हवेतलं पाणी ओढणारं मशीन दिवसरात्र चालतं. जुलैत आमच्या गाळ्याच्या भिंतींना घाम फुटतो. त्या हवेत लाकूड पाणी पिऊन फुगतं. तशीच पेटी बंद केली, तर पुढे एसीत गेल्यावर ते आवळतं आणि तडकतं.

स्वरदा जुलैतच झाली. सुवेर, मग सव्वा महिना घर. गाळ्यात विश्वकर्म्याचा फोटो, बाळंतिणीने तिथे पाऊल टाकायचं नाही. मला ते जाचक वाटलं नाही. तबली कोरड्या खोलीत सुखरूप होती, मी कांदिवलीच्या घरी, आणि कुशीत ती. घरभर दोऱ्या बांधल्या होत्या तरी लंगोट वाळत नव्हते. सासूबाई तव्यावर एकेक गरम करून द्यायच्या. "दमट लंगोटान सर्दी जातली पोराक," हे दिवसातून दहादा.

एका संध्याकाळी देवेशने ते मशीनच उचलून घरी आणलं. आमच्या खोलीत लावलं. सकाळपर्यंत सगळे लंगोट पापडासारखे.

"अरे, आणि गाळ्यात?" मी विचारलं.

"तिथे आत्ता काय चाललंय? तुझ्याशिवाय पेटी बंद होत नाही. राणीसाहेबांचा नियम."

"राजेसाहेबांचा. अण्णांचा."

"बरं, तुमचा दोघांचा," तो म्हणाला आणि स्वरदाच्या पावलांवर नाक घासलं. मला भरून आलं होतं. एवढा विचार करणारा नवरा.

गिटार गेल्याचं मला गणपतीनंतर कळलं. सम्यकचं रेकॉर्डिंग होतं, थांबणं शक्य नव्हतं, देवेशने बंद केली. मी रुसले, पण तोवर मशीन परत गेलं होतं. वाटलं, त्यानंतरच केली असेल.

आता मी पेजेचा हात धुऊन केस उघडली. तारा जिथे टेकतात त्या पुलाच्या खालून एक चीर, लाकडाच्या रेषेबरोबर सरळ. मी फूटपट्टी आडवी ठेवली. मधे फट. तबली आत बसली होती.

"अण्णा काय म्हणाले?"

देवेश दारात टॉवेल घेऊन उभा. "म्हणाले, फार घासली गेली. म्हणजे, तेव्हा तुझं लक्ष..."

"पातळ झाली असती तर तारांच्या ओढीने फुगली असती रे. ही खाली गेलीय. ओली असताना बंद केलीय. कधी केलीस?"

तो टॉवेलची घडी घालू लागला.

"देवेश, कधी?"

"बारशाच्या आठवड्यात."

बारशाच्या आठवड्यात मशीन माझ्या उशाशी होतं. त्याच्या घरघरीत स्वरदा छान झोपायची.

"तू सांगशील ना अण्णांना?"

"सांगतो ना. रविवारी सांगतो. मला काय होतंय सांगायला?"

रविवारी आम्ही सगळे गिटार घेऊन गाळ्यात गेलो. माझ्या बाकावर कुठूनतरी मागवलेल्या तयार तबल्यांचं खोकं होतं. मी देवेशकडे पाहिलं. तो सरसाच्या डब्याचं झाकण घट्ट लावत होता. ते आधीच घट्ट होतं.

अण्णा मऊपणाने म्हणाले, "पोटुशी बाई, ध्यान खंय आसतला? होता असा. आता तू चेडवाकडे बघ गो. तबल्यांचा आमी बघतो."

"अण्णा, तबली पातळ नव्हती. तुम्हीच 'झाली' म्हणालात."

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते उघड बोलून दाखवलं, आणि तेही असं.

मी पुन्हा देवेशकडे पाहिलं. झाकण अजून चाललंच होतं. मग मीच सांगितलं. मशीन, लंगोट, बारसं, सगळं. अण्णांनी ऐकलं. चिरेवरून अंगठा फिरवला. त्यांना पटलं, ते मला त्यांच्या अंगठ्यावरून कळलं. लाकूड ते अजून हाताने ओळखतात. क्षणभर वाटलं, आता देवेशला झापतील.

"म्हणजे तुझ्याच चेडवाची लंगोटां सुकत होती मां?" ते म्हणाले.

सासूबाई हसल्या. "पोरीने जन्मतानाच आजाचो धंदो बुडवल्यान!" स्वरदाही हसली, तिला काय कळतंय. देवेश हसला. ते हसणं मी विसरणार नाही. सुटका झाल्याचं होतं ते.

परतताना तो म्हणाला, "सोड ना यार. कुणाची चूक म्हणून काय फरक पडतो? तसंही तुला आता जमलं असतं का रोज मरोळ?"

सम्यकला नवी गिटार करून द्यायचं ठरलं; ही मी घरीच ठेवून घेतली. तबली उतरवली नाही. स्वरदा आता बसायला लागलीय. मी गिटार आडवी ठेवते आणि ती दोन्ही तळव्यांनी बडवते. चीर सोडून दुसऱ्या बाजूला तबली अजून खणखणीत बोलते. स्वरदा नेमकी तिथेच मारते, मी दाखवलेलं नाही.

परवा दुपारी मी तिला पाजत होते आणि व्हिडिओ कॉल आला. समोर माझं बाक. देवेशने फोन कशालातरी टेकवून ठेवला होता.

"काही नाही, सहजच. अण्णा म्हणाले, पोरीला बघू."

पण अण्णांच्या हातात तबली होती. नवी, खोक्यातली, घासून कामट्या लावलेली. ते फोनच्या जवळ आले आणि त्यांनी टिचकी मारली. मग माझ्याकडे पाहिलं.

फोनवरूनसुद्धा कळत होतं. अजून टेबलच होतं ते. पुलाच्या डाव्या अंगाची कामटी जाड राहिली होती, आवाज तिथे अडकत होता. पटाशीचे चार हात, बस. माझी बोटं स्वरदाच्या पाठीवर आपोआप वळली.

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. डोळे माझ्या कपाळावर.

मी कपाळ सैल सोडलं. स्वरदाचं टोपडं सरकलं होतं, ते नीट केलं.

"कशी गो?" अण्णांनी विचारलं. तोंडाने कधी विचारत नसत.

"तुम्ही ऐकलीत ना अण्णा?"

"होय तर."

"मग झालं."

देवेश मागे झाकणाशी खेळत होता. अण्णांनी तबली कानाजवळ नेली, आणखी जोरात वाजवली, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. मी चेहरा तसाच ठेवला.

"झाली," अण्णा म्हणाले.