मिरचीवाल्या फाईलीतला पसंतीक्रम

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. प्लॅस्टिकची, बटणाची, आणि पाठीवर वीतभर लाल मिरचीचं चित्र असलेली. मिरचीखाली एका बियाणं कंपनीचं नाव होतं, ते घासून घासून निघून गेलं. मिरची मात्र अजून चांगली तिखट दिसते, निदान माझं तरी तसं मत आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझ्यासारख्या पाचशे जणी एकीवर एक निजून खोक्यातून दुसरबीडला आलो, तिथपासूनचं सगळं आठवतं. कंपनीने शेतकऱ्यांचा मेळावा भरवला होता. भाषणं झाली, जेवणं झाली आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक फाईल पडली. मी निवृत्तीभाऊंच्या वाट्याला आले. त्यांनी माझं बटण तीनचार वेळा टक्‌ टक्‌ वाजवून पाहिलं आणि घरी जाईपर्यंत मला शर्टाच्या आत पोटाशी धरलं. एवढा मान कोणाला आवडत नाही?

निवृत्तीभाऊ आणि त्यांच्या पत्नी शालूबाई शेडनेटच्या जाळीदार मांडवात कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करतात. काम फार नाजूक असतं. एकेका फुलाला हाताने पराग लावायचा, त्या फुलाला खूण करायची, दिवसभर मान वाकवून हेच करायचं. बी तयार झालं तरी पैसे लगेच मिळत नाहीत. नमुना कंपनीकडे जातो, तिथे तो पेरून पाहतात, आणि पास झाला तरच पैसे. त्या नमुन्यांच्या पावत्या सहा वर्षं माझ्या पोटात होत्या. एकही पावती हरवली नाही, हे मी जरा फुशारकीनेच सांगते.

पुढे पावत्या मोबाईलवर येऊ लागल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. दोन वर्षं माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. एका पालीने मात्र येऊन माझ्यात दोन अंडी घातली. मी तिच्यावर रागावले नाही, कोणी माझं बटण लावलं नव्हतं, त्याचा तिने फायदा घेतला म्हणायचा. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं.

मग एके दिवशी निवृत्तीभाऊंच्या मुलीने, संजीवनीने मला खाली उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्यात बारावीची गुणपत्रिका ठेवली. तिच्यामागून शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सीईटीचा निकाल अशी मोठी माणसं राहायला आली. पावत्यांची सवय असलेली मी एकदम भारदस्त झाले.

संजीवनीला इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर व्हायचं होतं, आणि तेही सरकारी कॉलेजात, कारण खासगी कॉलेजची फी घराला झेपणारी नव्हती. सीईटीत तिला एकोणनव्वद पर्सेंटाईल होते. म्हणजे फार वरही नाही आणि खालीही नाही. अशा मुलांचं सगळं पसंतीक्रमावर अवलंबून असतं. फॉर्ममध्ये कॉलेजांची यादी आपल्या क्रमाने भरायची, त्या क्रमाने जागा मिळते. क्रम चुकला की चार वर्षं चुकतात. घरात या गोष्टीची फार धास्ती होती, आणि सगळ्यात जास्त निवृत्तीभाऊंना. ते शालूबाईंना पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मी आठवी शिकलेला माणूस. माह्या अडाणीपणानं पोरीची शीट जाऊ नये."

म्हणून ते तिला घेऊन बुलढाण्याला एका प्रवेश मार्गदर्शन केंद्रात गेले. मी संजीवनीच्या मांडीवर होते. गार हवा, काचेचं टेबल, आणि टेबलावर निळ्या रंगाच्या कोऱ्या फायली. त्या माझ्या मिरचीकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती मी विसरलेले नाही. तिथले सर गोड बोलायचे. यादी करून देऊ, फॉर्म भरून देऊ, तारखा कळवू, शेवटच्या फेरीपर्यंत सोबत राहू, आणि या सगळ्याचे वीस हजार रुपये आधी भरायचे, तेही रविवारच्या आत, कारण जागा थोड्या. त्यांनी माझ्यातले कागद भराभर उलटले आणि कागद एकदम ओके आहेत असं सांगितलं. निघताना एक चकचकीत पत्रक दिलं. त्यावर मागच्या वर्षीच्या मुलांचे फोटो होते. पहिलाच फोटो हिवरा आश्रमच्या दीपकचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम. परतीच्या बसमध्ये ते पत्रक माझ्या पोटात बसून गुणपत्रिकेला खेटून मिरवत होतं.

शेडनेटची जाळी बदलायला वीस हजार बाजूला ठेवलेले होते, तेच द्यायचे असं निवृत्तीभाऊंनी ठरवलं. शालूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच गोष्ट विचारली.

"कंपनीनं नवं वाण आणलं त तुम्ही मागल्या साली ज्यानं लावलं त्याचा प्लॉट पाहून येता. पाहिल्याबिगर पुडी फोडत नाही. अन्‌ हे काऊन न पाहता घेऊन राह्यले?"

निवृत्तीभाऊंनी माझ्यातलं पत्रक काढून पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी थोडी धिटाई पाहिली. न कळणाऱ्या गोष्टीत एक कळणारी गोष्ट सापडली होती.

दुसऱ्या दिवशी बापलेक मोटारसायकलवर हिवरा आश्रमला निघाले. मी दोघांच्या मध्ये चेपून बसले होते. चार जणांना पत्ता विचारत ते दीपकच्या घरी पोचले. पोरगा सुट्टीला आलेला होता. पत्रकातल्या फोटोत तो हसत होता, घरी मात्र जरा ओशाळला. त्याच्या आईने चहा ठेवला, आणि निवृत्तीभाऊंनी पिकाबद्दल विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. किती पर्सेंटाईल होते? यादी कोणी केली? पहिलं नाव कोणाच्या मनाचं होतं?

दीपकला एक्याण्णव होते. यादी केंद्राने दिली होती, आणि पहिल्या नंबरावर एक खासगी कॉलेज होतं, जे सत्तर-पंचाहत्तरवाल्यांनाही मिळतं. नियम असा आहे की पहिल्या फेरीत पहिल्या नंबराचं कॉलेज मिळालं की तेच पक्कं होतं, पुढच्या फेरीत जाताच येत नाही. दीपकला हे मागाहून कळलं. सरकारी कॉलेज यादीत चौथ्या जागेवर होतं आणि ते त्याच्या एक्याण्णवला मिळालंही असतं.

"काका, सर काही वाईट नाहीत," तो म्हणाला. "तारखा टायमावर सांगत. ज्याच्या घरी फोन पाहाले कोणी नाही त्याले तेवढं कामाचं हाय. पण यादी चाळीस पोरायले एकच होती. मले वाटलं, पहिला नंबर लागला म्हणजे मीच जिंकलो. फोटो बी हौसेनं देल्ला."

मित्रांनो, मी पोटातल्या पत्रकाकडे पाहिलं. शब्द अगदी खरे होते. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम त्याला मिळालाच होता, आणि त्यातच सगळं नुकसान होतं. केंद्राने ते कॉलेज वर का ठेवलं, हे मला ठाऊक नाही, आणि जे माझ्या पोटात आलं नाही ते मी सांगत नसते.

निवृत्तीभाऊंनी तरीही नमुना तपासायचं ठरवलं. घरी येऊन त्यांनी केंद्रात फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सरांनी मुलीची आवड अजून विचारलेली नव्हती. निवृत्तीभाऊंनीही सांगितली नाही. नुसतं विचारलं, यादीत पहिलं कोणतं कॉलेज टाकाल? सरांनी क्षणभरही न थांबता तेच दीपकचं कॉलेज सांगितलं. मग निवृत्तीभाऊंनी नम्रपणे आणखी एक विचारलं, शीट मिळाल्यावर पैसे दिले तर चालतील का? सर हसले. कोणताही मार्गदर्शक असं करत नाही, असं म्हणाले.

"आमचं बी पास झाल्याबिगर कंपनी आम्हाले रुपया देत नाही, साहेब. म्हणून इचारलं. तुमची रीत येगळी, राग नका मानू." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रविवार आला आणि गेला, जाळीचे पैसे जागच्या जागी राहिले.

मित्रांनो, नाही म्हणून झालं तरी धास्ती जात नसते. निवृत्तीभाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. आपण पैसे वाचवायला गेलो आणि पोरीचं वाटोळं केलं तर, हाच विचार. हाताला काही काम असावं म्हणून त्यांनी मला पुढ्यात घेतलं आणि कागद एकेक करून पाहू लागले. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. पण बियाण्याच्या पुडीवरची मुदत पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पुडी फोडलेली नाही, त्यामुळे नजर आपोआप प्रत्येक कागदावरच्या तारखेवर जायची. नॉन-क्रिमिलेअरवर ती थांबली. मुदत एकतीस मार्चला संपलेली होती. काचेच्या टेबलावर एकदम ओके ठरलेला कागद हाच. असाच जोडला असता तर राखीव जागेचा हक्क गेला असता आणि एकोणनव्वदवर सरकारी कॉलेज स्वप्नातच राहिलं असतं.

त्याच दुपारी ते सरकारी दाखले मिळतात त्या सेतू केंद्रात गेले. नवा दाखला यायला अठरा दिवस लागले, फॉर्म भरायची मुदत संपायला तेव्हा चार दिवस उरले होते. तो नवाकोरा दाखला माझ्यात ठेवण्याआधी निवृत्तीभाऊंनी त्यावरची तारीख पुन्हा एकदा वाचली. मी बटण घट्ट धरून ठेवलं.

यादी संजीवनीनेच केली. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात शेवटचा मुलगा किती पर्सेंटाईलवर घेतला, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं, हे दीपकने सांगितलं होतं. तिने ते आकडे छापून आणले, सोप्यात पसरले आणि कॉलेजांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठ्या खालीवर सरकवताना तिचाही धीर सुटायचा. एकोणनव्वदवाल्या मुलीने ब्याण्णववाल्या कॉलेजचं नाव वर लिहावं की नाही, यावर ती अर्धा दिवस अडली. तेव्हा शालूबाईंनी चूल सोडून येऊन निकाल दिला. "जे मिळालं त नाचशीन, ते वर लिही. जे चालन, ते त्याच्या खाली. जिथं जायचंच नाही ते लिहूच नको." मी खूप कागद पाहिले आहेत मित्रांनो, पण इतकं सोपं मार्गदर्शन एकाही कागदावर वाचलं नाही. प्रवेशाचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी सुविधा केंद्रातल्या मॅडमनी सगळे कागद पुन्हा तपासले आणि एका ठिकाणी राहिलेली सही करून घेतली. त्या तपासणीचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पहिल्या फेरीत संजीवनीला पाचव्या नंबराचं कॉलेज मिळालं. गल्लीतल्या एकाने लगेच हळहळ व्यक्त केली, पहिला नंबर लागला असता तर बरं झालं असतं म्हणाला. निवृत्तीभाऊ मिशीत हसले. पाचवा आला म्हणजे वरची चार दारं अजून उघडी आहेत, हे आता त्यांना चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या फेरीत काही हललं नाही. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या नंबराचं कॉलेज लागलं. सरकारी, आणि इलेक्ट्रॉनिक्स. शालूबाई शेडनेटमध्ये होत्या. पोरगी ओरडत पळत गेली तेव्हा त्यांनी आधी हातातलं फूल पुरतं केलं, त्याला खूण केली आणि मग तिला कवटाळलं.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. निळ्या फायलीच फायली. आमची पाळी आली, कारकुनाने माझं बटण उघडलं, आणि त्याला हवा तो कागद हवा त्या क्रमाने सापडत गेला. तो सकाळपासून वैतागलेला असावा, कारण माझ्याकडे बघून त्याचा चेहरा चक्क निवळला. मिरचीवर बोट ठेवून त्याने निवृत्तीभाऊंना विचारलं, कागद छान लावलेत, कोणत्या केंद्राकडून आलात?

निवृत्तीभाऊंनी आधी पोरीकडे पाहिलं, मग सदरा सारखा केला.

"यादी पोरीनं केली," ते म्हणाले. "तारखा म्या पाहिल्या."

सहा वर्षं मी या माणसाच्या पावत्या सांभाळल्या, पण 'म्या' हा शब्द इतक्या ठसक्यात त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर सगळे दाखले भिजले असते.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. आम्हा फायलींना कपाटावर टाकून देऊ नका, आणि आत ठेवलेल्या कागदांच्या तारखा अधूनमधून पाहत जा. मार्गदर्शकाला पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण त्याआधी मागच्या वर्षीच्या मुलाच्या घरी जाऊन एक कप चहा पिऊन या. आणि तुमच्या घरात कोणी मला काय कळतं म्हणून मागे बसलेलं असेल, तर उठा आणि फाईल आधी त्याच्या हातात द्या.